अम्मीचा गुडघा आणि माझ्या हिरव्या खुणा

अम्मीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. तपासणीसाठी आम्ही खेडहून गाडीने मुंबईला गेलो होतो. डॉक्टरांनी आधी कॉम्प्युटरवर नजर टाकली आणि समाधानाने मान हलवली. "व्यायाम तर अगदी नियमित झालेले दिसतात. सगळीकडे हिरव्या खुणा आहेत." मग त्यांनी अम्मीला तपासणीच्या पलंगावर झोपवलं, टाच मागे सरकवत गुडघा दुमडायला सांगितला आणि कोन मोजायची पट्टी लावली. 75 अंश. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा 75.

"एवढे व्यायाम करूनही?" त्यांनी अम्मीला नाही, मला विचारलं.

मी मान खाली घातली. त्या हिरव्या खुणा अम्मीच्या नव्हत्याच. मोबाइलवर बोट टेकवून त्या मी केल्या होत्या.

ही गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. स्वतःची चूक चार घरांत सांगायला कुणाला आवडतं? पण आता गुडघ्याची ऑपरेशनं आपल्याकडे घरोघरी होऊ लागली आहेत आणि दवाखान्यातून घरी येताना औषधांच्या पिशवीबरोबर मोबाइलमधलं एक अॅपही सोबत येतं. ते बहुतेक वेळा माझ्यासारख्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या हातात पडतं. माझ्या चुकीतून एखाद्या भगिनीचा फायदा झाला तर बरंच आहे.

अम्मी 64 वर्षांची. सारा जन्म भातशेती, गुरं आणि घरातली उठबस यांत गेला. दोन्ही गुडघे झिजलेले. शेवटची चार वर्षं ती खुर्चीवर बसूनच नमाज पढत होती. रात्री संडासला जायचं म्हणजे भिंतीला धरून उठणं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "आहे तो पाय पण जायचा." खर्चाचीही भीती होती. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या सुट्या भागांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे तो भाग पूर्वीपेक्षा स्वस्त झाला आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. भाई कुवेतला असतो. त्याने फोनवर फोन करून तिला तयार केलं.

डॉक्टरांनी ऑपरेशनआधी प्लास्टिकचा नमुना हातात घेऊन अम्मीला समजावलं होतं. मांडीच्या हाडाचं झिजलेलं टोक साफ करून त्यावर धातूची टोपी बसवतात, खाली नडगीच्या हाडावर धातूची तबकडी आणि दोन्हींच्या मध्ये टिकाऊ प्लास्टिकची गादी. अम्मीने एकच प्रश्न विचारला, "सजदा करता येईल?" डॉक्टर खरं बोलले. म्हणाले, "दुखणं कमी होईल, चालाल, जिना चढाल. पण जमिनीवर मांडी घालणं, गुडघे टेकणं मी सांगणार नाही. नमाज खुर्चीवरच ठेवा." अम्मीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर सही केली.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी मी पुढे विसरले. "गुडघा बदलणं माझं काम. तो वाकवणं तुमचं. पहिले काही आठवडे तो वाकवला नाही, तर आत जखमेचे पापुद्रे घट्ट होतात आणि सांधा आखडतो." सपाट जमिनीवर चालायला साधारण 70 अंश पुरतात, पण खुर्चीतून सहज उठायला आणि जिना उतरायला 90 च्या पुढे जावं लागतं. अम्मीचे 75 अंश म्हणजे काय, ते यावरून कळेल.

आमच्या गावाहून फिजिओथेरपिस्टकडे जायचं म्हणजे जायला तास, यायला तास. ताज्या ऑपरेशनच्या बाईला रिक्षात घालून रोज कोण नेणार? म्हणूनच दवाखान्याने अॅप दिलं. नर्सने ते माझ्या फोनवर चढवलं, कारण अम्मीकडे बटणांचा फोन होता. त्याच वेळी तिचा 14 आकडी आभा क्रमांकही काढला, म्हणजे जुने रिपोर्ट पुढे एका जागी मिळावेत.

अॅप वाईट होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. ऑपरेशनच्या आधीच त्याने सांगितलं होतं की घरातल्या सतरंज्या, पायपुसणी उचला, उंच खुर्ची आणा, संडासात कमोड बसवा किंवा कमोडची खुर्ची ठेवा, रात्री वाटेत दिवा ठेवा. घरी आल्यावर गोळ्यांच्या वेळा, ताप, जखमेचा फोटो, दुखण्याचा आकडा आणि दिवसातून तीन वेळा व्यायामाचे व्हिडिओ. नवव्या दिवशी जखमेभोवती लाली दिसली तेव्हा मी घाबरून फोटो पाठवला. तासाभरात नर्सचा निरोप आला, की इतकी लाली या दिवसांत असते, पाणी किंवा पू येत असेल, लाली पसरत असेल किंवा ताप आला तर लगेच कळवा. मुंबईची एक फेरी वाचली. 2020 च्या मार्चमध्ये सरकारने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम ठरवून दिले, तेव्हापासून डॉक्टरांनाही अशी मदत करणं सोपं झालं आहे. आमच्यासारख्या गावांसाठी ही अल्लाहची मेहेरबानीच म्हणायची.

अडचण दुसरीकडे होती.

अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली. कुरआन शरीफ आणि उर्दू ती चष्मा लावून भराभर वाचते. अॅपमध्ये भाषा दोनच, इंग्रजी आणि हिंदी. ती हिंदी देवनागरीत, आणि अम्मीला देवनागरी अक्षर लावत लावत वाचावं लागतं. व्हिडिओमध्ये व्यायाम करून दाखवणारा एक तरुण मुलगा, अर्ध्या चड्डीतला. अम्मीने पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं. "बंद कर ते." मी म्हटलं, "अम्मी, त्याचा पाय कसा वाकतोय ते बघायचंय." ती म्हणाली, "तू बघ आणि मला सांग." आठवण करून देणारी घंटी नेमकी जोहरच्या वेळी वाजायची. आणि मी शाळेत गेले की फोनही माझ्याबरोबर शाळेत.

दुखण्याचा आकडा ही तर रोजची झटापट. "अम्मी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

"अल्लाहचा शुक्र आहे."

"ते झालंच, पण आकडा सांग."

"ज्याने एवढं दिलं, त्याच्यापुढे आकडे लावून तक्रार करू?"

मी तीन भरायची. रात्री कूस बदलताना तिच्या तोंडून "या अल्लाह" निघायचं, ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. तरी सकाळी मी तीनच भरायची. तो आकडा बघून तिकडून निरोप आला, की दुखणं आटोक्यात आहे, दुखण्याची गोळी कमी करू या. गोळी कमी झाली, दुखणं वाढलं आणि जो व्यायाम सगळ्यांत जास्त दुखतो, टाच सरकवत गुडघा दुमडण्याचा, तोच अम्मीने हळूच सोडून दिला. पाऊल वरखाली करणं, मांडी आवळून धरणं, हे सोपे दोन ती करायची.

पहिल्या आठवड्यात मी खरंच बघूनच खूण करत होते. एका संध्याकाळी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. कुवेतहून भाईचा निरोप आला. अॅपमध्ये त्यालाही कुटुंबीय म्हणून सगळं दिसायचं. "आज लाल का दिसतंय? अम्मीकडे लक्ष आहे ना?" मला राग आला. घरातलं सगळं मी बघायचं आणि हिशेब तिकडे द्यायचा? मी पाचही खुणा एकदम हिरव्या केल्या. लगेच त्याचं उत्तर आलं, "माशाअल्लाह!"

मग ते अंगवळणीच पडलं. ईशाच्या आधी फोन घ्यायचा, पाच वेळा बोट टेकवायचं, मोकळं व्हायचं. भाई त्याचा फोटो काढून खानदानाच्या ग्रुपवर टाकायचा. मावश्या, चुलत्या, सगळ्यांचे निरोप. एकदा त्याने जखमेचा फोटोही त्या ग्रुपवर टाकला. अम्मीला ते शेजारच्या खालाकडून कळलं. ती काही बोलली नाही, फक्त ओढणी पायावर ओढून घेतली. पुढे फोटो काढायचा म्हटलं की ती म्हणायची, "कोण कोण बघणार आहे?" तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

भाईने पावलं मोजणारं मनगटी घड्याळही पाठवलं होतं. अम्मी वॉकर धरून ओटीपासून परसापर्यंत चार चार फेऱ्या मारायची आणि घड्याळ म्हणायचं, पावलं अकरा! वॉकर दोन्ही हातांनी धरला की मनगट हलत नाही आणि घड्याळाला पाऊल कळत नाही. उलट एकदा तिने खुर्चीत बसून तांदळाच्या भाकरीचं पीठ मळलं आणि थापलं, तर पावलं झाली तीनशेच्या वर. त्या रात्री भाईने लिहिलं, "आज तर कमाल केली!" आम्ही दोघी खूप हसलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की तिकडे दिसणारा आकडा आणि इकडची अम्मी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही लाल ठेवलं असतं, तर तिसऱ्या आठवड्यात आमच्या फिजिओथेरपिस्टने तुम्हाला फोन केला असता. आम्ही आधी लाल पेशंटनाच फोन करतो. हिरव्याला कशाला करू?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. चार आठवडे मनापासून व्यायाम करा. तरीही 90 च्या पुढे गेलं नाही, तर भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करावा लागेल. म्हणजे पुन्हा दवाखाना, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. आणि हे सगळं माझ्या बोटामुळे.

परतीच्या गाडीत पनवेल सुटेपर्यंत अम्मी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुला वाटलं असेल, मशीनला खोटं सांगितलं तर काय बिघडतं. पण बेटा, मशीनच्या मागे माणूस होता. आणि साक्ष तू माझ्या नावाने दिलीस."

मला रडू आलं. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू एकटी कुठे? दुखत असताना शुक्र म्हणून गप्प बसले, ते मी खरं बोलले का?"

त्या रात्री मी हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचा विचार करत होते. सब्र म्हटलं की आपण त्यांचंच नाव घेतो. पण कुरआनमध्ये त्यांनी आपल्या रबला हाक मारून आपल्याला दुःखाने गाठलं आहे, असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि तरीही अल्लाहने त्यांना सब्र करणारा बंदा म्हटलं. दुखतंय असं सांगणं म्हणजे नाशुक्री नव्हे. मग जो इलाज करतो आहे, त्याला खरा आकडा सांगणं नाशुक्री कशी होईल? सकाळी अम्मीला हे सांगितलं. ती बराच वेळ तसबीह फिरवत राहिली. मग म्हणाली, "सात लिही."

सात लिहिल्यावर तासाभरात फोन आला. गोळी बदलून दिली आणि ती व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली. एका खऱ्या आकड्याने एवढं काम झालं.

त्यानंतर आम्ही अॅप टाकून दिलं नाही. ते अम्मीच्या मापाचं करून घेतलं. मी वहीचा मोठा कागद घेऊन त्यावर उर्दूत तक्ता केला. फजर, जोहर, असर, मगरिब, ईशा, असे पाच रकाने. घंटी बंद केली. अम्मीच्या दिवसाला पाच घंट्या आधीच होत्या, त्याच वापरायच्या ठरवलं. नमाज झाली की मुसल्ल्याजवळच्या खुर्चीवर किंवा पलंगावर व्यायाम, आणि खूण अम्मीने स्वतःच्या हाताने करायची. झालं तर बरोबरची खूण, नाही झालं तर फुली. रात्री मी तो कागद बघून अॅपमध्ये जसंच्या तसं भरायची.

दवाखान्यात फोन करून विचारलं, की व्हिडिओवर बाई फिजिओथेरपिस्ट मिळतील का? मला वाटलं होतं, नाही म्हणतील. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आठवड्यातून दोन वेळा ठरवून दिल्या. आम्ही आधी विचारलंच नव्हतं! त्या ताई समोर दिसल्या आणि अम्मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. ताईंनी फोन तिच्या नडगीवर ठेवून कोन कसा मोजायचा ते मला शिकवलं. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की पाय चादरीवर सहज सरकतो, ही युक्तीही त्यांचीच. व्यायामानंतर पंधरा-वीस मिनिटं कपड्यात गुंडाळलेला बर्फ. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, कारण त्याने पाय सरळ व्हायचा राहून जातो. आम्ही सहा आठवडे रोज उशी ठेवत होतो, तिला आराम म्हणून.

पहिल्या दिवशी अॅपमध्ये तीन लाल आणि दोन हिरव्या खुणा गेल्या. भाईचा घाबरून फोन आला. मी त्याला सारं सांगितलं, मागच्या सहा आठवड्यांचंही. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मी रोज तुझ्याकडून हिशेब मागितला, अम्मीला एकदा विचारलं नाही." तेव्हापासून असरनंतर तो व्हिडिओवर यायचा. कुवेतची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे त्याची दुपारची सुट्टी. तिकडे तो खुर्चीवर बसून पाय वाकवायचा, इकडे अम्मी. "अजून, अम्मी, अजून थोडा." अम्मी कळवळून म्हणायची, "तुझा गुडघा आईचा नाही, म्हणून बोलतोस!" आणि तरी वाकवायची.

दहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी लावली. 96 अंश. भूल देण्याची गरज उरली नाही. अलहमदुलिल्लाह. सहाव्या महिन्यात 112. आज ती काठीशिवाय खालाच्या घरी जाते, कठड्याला धरून जिना उतरते, रात्री एकटी उठते.

या सगळ्यातून मला कळलेल्या चार गोष्टी सांगते. पहिली, फोन ज्याचा गुडघा त्याच्या हातात असू द्या. वाचता येत नसेल तर आवाजात बोलून निरोप पाठवता येतो, अम्मी आता तसंच करते. दुसरी, दुखण्याचा आकडा भरताना रुग्णाला विचारा, आणि नुसतं किती दुखतं असं नको, उठताना किती, रात्री किती, व्यायाम करताना किती, असं विचारा. तिसरी, आई-सासूच्या शरीराचे फोटो ही अमानत आहे. डॉक्टरांना जरूर पाठवा, पण काम झालं की फोनमधून काढून टाका आणि ग्रुपवर कधीही टाकू नका. आपली माहिती कुठे जाते, हे दवाखान्याला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेत संमत झाला आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर अॅपवर लिहीत बसू नका, 108 ला फोन करा. अॅपमधल्या निरोपाला उत्तर यायला एखादा दिवसही लागू शकतो, आणि अशा वेळी तेवढा वेळ हातात नसतो. जखमेतून पाणी येणं, ताप, वाढणारी लाली यांतही फोटो पाठवून थांबू नका, फोन करा.

ऐकते की आता तंत्र फार पुढे गेलं आहे. अमेरिकेत 2021 साली अशा कृत्रिम गुडघ्याला परवानगी मिळाली, ज्याच्या आतच मोजणारं यंत्र बसवलेलं असतं आणि माणूस किती चालला, कसा चालला हे ते स्वतःच कळवतं. तिथे कुणाच्या लेकीला खोट्या खुणा करता येणार नाहीत. पण रात्री "या अल्लाह" का म्हणते, हे त्या यंत्रालाही आईला विचारूनच कळेल.

सजद्याचं मात्र अम्मीला वाईट वाटतंच. आमच्या मशिदीच्या मौलानांनी तिला हजरत इमरान बिन हुसैन रजियल्लाहु अन्हु यांची हदीस समजावून सांगितली. ते आजारी असताना रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना उभं राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढायला सांगितलं होतं. अम्मीला हे पटतं. तरी खुर्चीसमोर ती अजूनही मुसल्ला अंथरते, आणि नमाज झाल्यावर वाकून त्यावरून एकदा हात फिरवते.

पुढच्या महिन्यात तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. या वेळी अॅप तिच्या स्वतःच्या फोनवर घेतलं आहे. उर्दूचा तक्ता तिने आत्तापासूनच भिंतीला लावून ठेवला आहे आणि मला बजावलं आहे, "खुणा मी करणार. तू फक्त बर्फ आण." तिच्या शिफासाठी आपण सगळ्यांनी दुआ करावी, ही विनंती.